टेक्स्टाइल घेऊ द्यावे की टाळावे? सोलापुरातील एका वडिलांचा प्रश्न आणि त्यावरील उत्तरे

प्रश्न
टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड, सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटीमध्ये तिला मिळालेले पर्सेंटाइल पाहता सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता आहे. तिचे मन मात्र इचलकरंजीच्या डीकेटीई महाविद्यालयात टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी शिकण्याकडे आहे. ऑप्शन फॉर्म भरण्याची मुदत जवळ आली तरी घरात एकमत होत नाही, म्हणून या क्षेत्रातील जाणकारांचे मत मागत आहे.

माझा विरोध का आहे, हे आधी सांगतो. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काही काळ दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी केली आणि मग कर्ज काढून जुने माग विकत घेतले. आज मी तोच टॉवेलचा कारखाना चालवतो. माग अजून धोट्याचेच, म्हणजे जुन्या पद्धतीचे आहेत. सुताचा भाव कधी चढेल ते सांगता येत नाही, विजेचे बिल दर महिन्याला छातीवर बसते, कांड्या भरायला आणि माग चालवायला माणसे मिळत नाहीत, आणि आमच्या भागातील तरुण मुले पुण्याची वाट धरतात. मुलीला या धंद्यातून बाहेर पडता यावे म्हणूनच आम्ही तिच्या शिकवणीवर खर्च केला, आणि आता ती पुन्हा त्याच सुताकडे वळते आहे, हे पाहून जीव तुटतो.

तिची ओढ कुठून आली, तेही सांगणे उचित होईल. गेल्या वर्षी आमचा एक लॉट व्यापाऱ्याने परत पाठवला, कारण टॉवेल हाताला मऊ लागत होते पण पाणी शोषत नव्हते. सूत नेहमीचे, वजन नेहमीचे, त्यामुळे दोष कुठे आहे ते आम्हाला उमगेना. मुलीने परत आलेल्या टॉवेलवर आणि आधीच्या लॉटमधील एका टॉवेलवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि तो जिरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजले. जुन्या टॉवेलवर थेंब लगेच नाहीसा झाला, नव्यावर तो मण्यासारखा उभा राहिला. मग तिने तोच नवा टॉवेल साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा तपासला आणि प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे रासायनिक प्रक्रियेच्या कारखान्यात, कोणते सॉफ्टनर (मऊपणा आणणारे रसायन) वापरले ते विचारण्यासाठी मला पाठवले. त्यांनी खरोखरच सॉफ्टनर बदलले होते. तेव्हापासून तिने टेक्स्टाइलचा ध्यास घेतला आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. टेक्स्टाइल ही आजच्या काळात टाळावी अशी शाखा आहे काय? मुलीला या क्षेत्रात मानाने काम करता येते काय? आणि पुढे मन बदलले तर परतीचा मार्ग उरतो काय? कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर
निवृत्त प्राध्यापक, अभियांत्रिकी, सोलापूर

महोदय, आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या सोडवून पाहिल्याशिवाय निर्णय होणार नाही. एक म्हणजे आपल्या कारखान्याची आर्थिक स्थिती, आणि दुसरी म्हणजे टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी हा विषय. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या आणि यंत्रमाग अडचणीत आले, त्याची कारणे भांडवल, जुनी यंत्रसामग्री, वीजदर, बाजारपेठ आणि व्यवस्थापन यांच्यात आहेत. तंतूंचे विज्ञान किंवा कापडाची रचना हे शास्त्र त्यामुळे कालबाह्य झालेले नाही. साखर कारखाना तोट्यात गेला म्हणून रसायनशास्त्र टाळावे असे कोणी म्हणत नाही.

विद्यार्थ्यांना शाखा निवडताना मी नेहमी एकच काम सांगत असे, आणि तेच आपल्या मुलीलाही सांगतो. दोन्ही शाखांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम संबंधित महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि पहिले वर्ष सोडून दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे विषय वाचा. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, प्रोग्रॅमिंग हे बहुतेक सर्वच शाखांना थोड्याफार फरकाने सारखे असते, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, पुढे ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन असे विषय येतात. संगणक वापरायला आवडतो म्हणून कॉम्प्युटर घेतलेली अनेक मुले इथे अडखळतात, कारण हे विषय तर्काचे आहेत आणि तासन्‌तास एकट्याने बसून विचार करण्याची तयारी मागतात. टेक्स्टाइलमध्ये तंतूंची रचना, सूतनिर्मिती, विणकाम, रासायनिक प्रक्रिया, चाचणी आणि गुणवत्ता नियंत्रण हे विषय असतात. त्यातही यंत्रशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा मोठा वाटा असतो. मुलीने प्रत्येक विषयाच्या पहिल्या घटकाचे एखादे व्याख्यान एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर मोफत ऐकावे. आयआयटीच्या प्राध्यापकांनी टेक्स्टाइलवर दिलेली व्याख्यानेही तिथे आहेत. कोणता विषय ऐकताना घड्याळाकडे लक्ष जात नाही, हे तिचे तिलाच समजेल.

परतीच्या मार्गाबद्दल लिहितो. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी असली तरी लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, बँकांच्या परीक्षा आणि एमबीए यांचे दार उघडेच राहते. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग अँड फायबर सायन्स असा स्वतंत्र पेपर आहे आणि आयआयटी दिल्लीत या विषयाचा जुना व नावाजलेला विभाग आहे. दुसऱ्या वर्षाला शाखा बदलण्याची सोय काही ठिकाणी असते, परंतु ती रिकाम्या जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण यांवर अवलंबून असल्याने तिच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेचा मायनरही, म्हणजे छोटा जोड-अभ्यासक्रमही घेता येतो. टेक्स्टाइलबरोबर डेटा सायन्सकडे झुकणारा मायनर मिळतो का, हे महाविद्यालयात विचारून पाहावे, कारण अशी जोड मिळाली तर आपली निम्मी चिंता तिथेच मिटेल.

उत्तर
टेक्स्टाइल पदवीधर, मूळ बार्शी, सध्या कोइमतूर

काका, आपण वर्णन केलेला थेंबाचा प्रसंग मी दोनदा वाचला. आपल्या मुलीने कोणी न शिकवता केलेली ती चाचणी प्रयोगशाळेत आम्ही रोज करतो. ठरावीक उंचीवरून पाण्याचा थेंब कापडावर सोडायचा आणि त्याची चमक जाईपर्यंतचा वेळ मोजायचा, अशी ती प्रमाणित पद्धत आहे. मुख्य म्हणजे तिने तुलना करण्यासाठी जुना टॉवेल शेजारी ठेवला आणि नंतर धुऊन पुन्हा तपासले, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधले. ही दृष्टी आमच्याकडे पदवी घेऊन आलेल्या सगळ्यांकडे असते असे नाही.

त्या दोषामागचे शास्त्रही थोडक्यात सांगते, म्हणजे हा विषय काय आहे ते आपल्या लक्षात येईल. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे न धुतलेले सुती कापड पाणी झटकते. कॉस्टिक सोड्यात उकळून ते मेण काढले की तंतू पाणी ओढू लागतो. त्यानंतर मऊपणासाठी सिलिकॉनचे सॉफ्टनर जास्त लावले, तर तंतूवर पुन्हा पाणी न धरणारा थर बसतो. हाताला टॉवेल मखमली लागतो आणि अंग मात्र कोरडे होत नाही. पाणी धरणारे सॉफ्टनर वेगळे असतात, ते थोडे महाग पडतात, आणि कोणते किती टक्के वापरायचे हे ठरवणारा माणूस म्हणजेच टेक्स्टाइल टेक्नॉलॉजिस्ट.

टेरी टॉवेलचेच पाहा. आपल्या कारखान्यात जमिनीच्या, म्हणजे कापडाच्या तळाच्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि लूपच्या ताण्याचा असे दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) असतात. दोन आडवे धागे विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे ठेवायचे आणि तिसऱ्या धाग्याला फणीने पूर्ण ठोका देऊन तिन्ही एकदम पुढे सरकवायचे, म्हणजे सैल सोडलेला ताणा उभा राहून लूप तयार होतो. आपल्या मागांवर हे वर्षानुवर्षे हातच्या अंदाजाने चालते. लूपची उंची, चौरस मीटरचे वजन, सुताचा पीळ आणि शोषण यांचे गणित मांडता आले, तर तेच सूत वापरून वेगळ्या दर्जाचा माल निघतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एवढे नाव ज्या गावाकडे आहे, त्या गावाच्या मुली या विषयातून पदवी घेऊन परत आल्या तर मला मनापासून आनंद होईल.

आता कठीण बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीचा पगार चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तुलनेत कमी असतो. गिरणीत रुजू झाल्यास पाळीचे काम, हवेत उडणारे कापसाचे तंतू, मागांचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि शहरापासून दूर राहणे, हे सगळे वाट्याला येते. उत्पादन विभागात काही ठिकाणी मुलींना घेण्यास आजही टाळाटाळ होते, आणि मला स्वतःला ते अनुभवावे लागले आहे. मात्र गुणवत्ता नियंत्रण, चाचणी प्रयोगशाळा, मर्चंडायझिंग, परदेशी खरेदीदारांची कार्यालये, डिझाइन आणि संशोधन या विभागांत मुली मोठ्या संख्येने आणि जबाबदारीच्या पदांवर आहेत. कोइमतूरची सिट्रा, मुंबईची बीटीआरए, अहमदाबादची अटिरा या जुन्या संशोधन संस्था आहेत. केंद्र सरकारने 2020 मध्ये 1,480 कोटी रुपयांच्या तरतुदीचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. तांत्रिक वस्त्रांत रस्त्याखाली अंथरायचे कापड, शस्त्रक्रियेची वस्त्रे, शेतीतील आच्छादने अशा गोष्टी येतात. डाळिंबाच्या बागांवर पसरलेली पांढरी आच्छादने आपण सांगोला-पंढरपूरकडे पाहिली असतील. तेही टेक्स्टाइलच आहे.

पाळी आणि आवाज सहन होतील की नाही, हे मुलीने प्रवेशाआधी पाहावे. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अन्यत्र, ओळखीने का होईना, रेपिअर माग (धोट्याशिवाय आडवा धागा नेणारे माग) असलेला आधुनिक कारखाना तिला एक दिवस आतून दाखवा. आपल्या धोट्याच्या मागांवरून या क्षेत्राचा अंदाज करू नका.

उत्तर
सॉफ्टवेअर क्षेत्रात कार्यरत, मूळ सोलापूर पूर्व भाग, सध्या पुणे

वरील दोन्ही उत्तरे आदरपूर्वक वाचली, तरीही माझे मत कॉम्प्युटरकडे झुकते आणि त्याची कारणे मांडतो.

मी माग असलेल्या घरातच वाढलो. आमच्यासारख्या कुटुंबात शिक्षणावर होणारा खर्च ही एकदाच करता येण्याजोगी गुंतवणूक असते आणि पहिली नोकरी लांबली तर घराचा तोल ढळतो. संगणकाचे ज्ञान कोणत्याही एका उद्योगाला बांधलेले नाही. बँक, रुग्णालय, शेती, कापड, सर्वत्र ते चालते. आपल्या मुलीने कॉम्प्युटर शिकून पुढे कापड उद्योगासाठी काम करणे शक्य आहे. पूर्वी आमच्याकडे चादरीचे डिझाइन आलेखाच्या कागदावर रंगवून मग जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, पुठ्ठ्याची कार्डे टोचत असत. आज तेच काम संगणकावर होते आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला थेट फाइल जाते. त्या फाइलमागचे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसेही हवीच आहेत. उलट टेक्स्टाइलमधून सॉफ्टवेअरमध्ये येणे शक्य असले तरी चार वर्षांचा अभ्यास बाजूला ठेवून नव्याने उभे राहावे लागते.

परंतु माझ्या या मताला एक मोठी अट आहे. कॉम्प्युटर हे नाव असलेली प्रत्येक जागा सारखी नसते. गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या जागा पुष्कळ वाढल्या आणि सगळीकडे शिकवणारे अनुभवी प्राध्यापक आहेत असे नाही. नुसते फलक पाहून कोणत्याही महाविद्यालयात कॉम्प्युटर घेण्यापेक्षा चांगल्या संस्थेतील दुसरी शाखा मला अधिक सुरक्षित वाटते. शाखेला एनबीएची (राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाची) मान्यता आहे का, नियमित प्राध्यापक किती आहेत, मागच्या तुकडीतील मुले प्रत्यक्ष कोणत्या कामावर रुजू झाली, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. सुरुवातीच्या नोकऱ्यांची भरती मंदावली की सर्वांत आधी फटका बसतो तो प्रोग्रॅमिंग जेमतेम येणाऱ्या मुलांना, आणि ही मुले पुण्यात एकाच खोलीत चौघे राहून क्लास करत वर्ष-वर्ष वाट पाहतात. आपल्या मुलीला प्रोग्रॅमिंगची खरी आवड नसेल, तर माझे वरचे सगळे म्हणणे मी मागे घेईन.

मूळ प्रश्नकर्ते

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले त्याबद्दल आभारी आहे. प्राध्यापक साहेबांच्या सांगण्यानुसार मुलीने दोन्ही अभ्यासक्रम उतरवून घेतले. डेटा स्ट्रक्चर्सचे व्याख्यान तिला अवघड वाटले नाही, पण पुढचे ऐकावेसे वाटले असेही ती म्हणाली नाही. तंतूंच्या रचनेचे व्याख्यान ऐकून मात्र तिने मला जेवताना विचारले की आपण विकत घेतो त्या सुताचा पीळ कोणी कधी मोजतो का. आमच्याकडे तो कोणी मोजत नाही.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे रेपिअर मागांचा एक कारखाना तिला दाखवला. आवाजाने तिचे डोके दुखले, ते तिने लपवले नाही. तरी तिथल्या चाचणी विभागात ती बराच वेळ थांबली आणि तिथल्या बाईंनी तिला सूत ताणून तोडण्याचे यंत्र स्वतः चालवू दिले. माझा विरोध आता पूर्वीइतका राहिलेला नाही. राहिलेली काळजी खर्चाची आहे. सोलापुरात शिकली तर घरचे जेवण आणि घरचे छप्पर आहे, इचलकरंजीला वसतिगृह, मेस आणि जाणे-येणे यांचा भार पडेल. शिवाय तिची आई तिला इतक्या दूर एकटीला पाठवायला अजून तयार नाही.

उत्तर
कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सोलापूर

दादा, खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना अनेकदा ठाऊक नसते. राज्य शासनाने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही, म्हणून घाईने बाहेरून जागा पक्की करण्याच्या फंदात पडू नका. याशिवाय ट्यूशन फी वेव्हर स्कीम, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेखाली प्रत्येक शाखेत काही अधिकच्या जागा असतात, त्यांचा पर्याय फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. तिचे निकष आपल्याला लागू होतात का ते महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर तपासा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र आजच तहसील किंवा सेतूतून काढायला टाका, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात आणि एका दाखल्यावाचून सवलत हातची जाते.

वहिनींची काळजी रास्त आहे. त्यांना सोबत घेऊन एकदा इचलकरंजीला जाऊन या. मिरजेपर्यंत रेल्वेने जाता येते, पुढे बस आहे. मुलींचे वसतिगृह, तिथल्या रेक्टर बाई, मेस हे सगळे त्यांनी स्वतः पाहू द्या. माझ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत मी पाहिले आहे की आईने जागा पाहिली की निम्मा विरोध गळून पडतो.

उत्तर
निवृत्त प्राध्यापक, अभियांत्रिकी, सोलापूर

मुलीने सुताच्या पिळाबद्दल विचारलेला प्रश्न वाचून समाधान वाटले. आपला कल आता कुठे आहे ते दिसतेच, म्हणून फॉर्म भरण्याविषयी एवढेच लिहितो.

पर्यायांचा क्रम अत्यंत विचारपूर्वक लावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच प्रवेश स्वीकारावा लागतो आणि पुढील फेऱ्यांचा हक्क राहत नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम यंदाच्या माहिती पुस्तिकेतून वाचून घ्या. त्यामुळे लोक काय म्हणतील या विचाराने कॉम्प्युटर पहिले आणि टेक्स्टाइल दुसरे असे भरून, मग बघू, असे करू नये. मुलीला खरोखर जे हवे आहे तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे. टेक्स्टाइल ठरल्यास केवळ इचलकरंजीवर थांबू नका. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी संस्थेतही ही शाखा आहे, आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये तंतू व वस्त्रप्रक्रियेचा अभ्यासक्रम आहे. आपल्या मुलीला रासायनिक बाजूची गोडी अधिक दिसते, तेव्हा मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहून हे पर्यायही वर घालता येतील. त्यांच्याखाली सोलापूरचे कॉम्प्युटर ठेवावे. फॉर्म अंतिम करण्याआधी प्रत्येक पर्यायाचा कोड क्रमांक मुलीने स्वतः वाचून आपण माहिती पुस्तिकेशी ताडून पाहावा, आणि हे काम नेट कॅफेवाल्यावर सोपवू नये.